विल्फची साक्ष

"कोणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही," बिअरचा ग्लास टेबलावर आपटत ऑसी प्राउडलॉक म्हणाला, "पण गेल्या सप्टेंबरात आमचा टपालवाला पाऊस थांबेपर्यंत माझ्या लीकखाली उभा होता. सायकलसकट!"

जुन्या खाणकामगारांच्या क्लबात हशा पिकला. ऑसीने सवयीने मान डावीकडे वळवली. "काय रे विल्फ, खरं की नाही?"

"खरंय. मी होतो ना तिथं," विल्फ स्टॉब्स म्हणाला. "सायकलची घंटी तेवढी भिजली."

लंडनच्या पार उत्तरेला असलेल्या कॉपलॉ गावात हा खेळ पिढीभर चालला होता. थाप ऑसीची, साक्ष विल्फची. एकट्याने मारली तर थाप, दोघांनी मारली तर इतिहास, असा गावचा कायदाच होता म्हणा ना. दोघं एकाच पिंजऱ्यातून कोळशाच्या खाणीत उतरायचे. खाण बंद पडली, माणसं कायमची वर आली, आणि वर आल्यावर ऑसीच्या थापांना मोकळं आभाळ मिळालं.

लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. इतर ठिकाणी मनगटाएवढा होतो. कॉपलॉत मांडीएवढा झाला नाही तर मालक तोंड लपवतो. खाणीमागच्या जमिनीवर क्लबच्या प्रत्येक सभासदाला एकेक तुकडा मिळालेला. सप्टेंबरात प्रदर्शन भरे. तोवर जो तो आपापल्या तुकड्याला कुंपण आणि कुलूप घालून पिंपात कसलंसं खत ढवळत बसे. नवऱ्याची भानगड बायकोला एक वेळ कळेल, पिंपातलं खत कळायचं नाही. कुलूप उगाच नसे. प्रदर्शनाच्या आधी कुणाची तरी लीकं कापलेली सापडायची, अशी त्या मुलुखाची जुनी रीतच आहे.

अशा गावात विल्फची किल्ली ऑसीकडे आणि ऑसीची विल्फकडे असे. लग्नातल्या अंगठ्यासुद्धा इतक्या विश्वासाने कुणी बदलल्या नसतील.

त्याला कारणही होतं. लीक कापलं गेलं तर दुःख. पण लीकला डेंगळा आला तर अब्रूच जाते. थंडीचा फटका बसून एकदम ऊन पडलं की रोप घाबरतं, म्हातारं झाल्यासारखं मधूनच बियांचा टणक दांडा वर काढतं. मग ते ना खायचं, ना दाखवायचं. पुढचं वर्षभर क्लबात मालकाला 'आजोबा' म्हणतात. एका साली विल्फच्या अख्ख्या वाफ्याला डेंगळे आले. तो वाफ्याजवळ मटकन बसला आणि त्याने ऑसीला हाक मारली. ऑसी पाव कापायची दातेरी सुरी घेऊन आला. एकेक लीक बुडातून कापत गेला. कट्! कट्! दांड्यावर सुरी अडकायची आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज यायचा. सगळं कोटाखाली लपवून त्याने घरी नेलं, आणि क्लबात सांगून टाकलं की विल्फच्या लीकांवर गाय पडली.

"गाय? कुठून पडली?" क्लबचा अध्यक्ष कथबर्ट डॉड्सने विचारलं होतं.

"वरून," ऑसी म्हणाला होता.

आणि मग आलं ते मतदानाचं साल. देशाने युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, जूनमध्ये शिक्का नव्हे, फुली मारून सांगायचं होतं. एप्रिलच्या अखेरीस अवेळी बर्फ पडला, मे महिन्यात ऊन तापलं, आणि गावाचं डोकं त्याहून तापलं. पाद्रीबुवांनी शेजाऱ्यावर प्रेम करा म्हटलं, तर शेजारी म्हणजे फ्रान्स की काय, अशी कुजबुज झाली. बेकरीवाल्याने पाव लहान केला, त्यातही राजकारण दिसलं. मतदान केंद्रात पेन्सिल ठेवतात, ती रात्रीतून खोडता येते, म्हणून ऑसीने खिशाला चार बॉलपेनं लावली. स्वतःपुरतं एक, बाकीची वाटायला.

"ब्रसेल्सवाले युरोपचे साहेब आता लीकची जाडी ठरवणार," एका दुपारी त्याने क्लबात सांगितलं. "माणूस येऊन गेला आमच्या गल्लीत. मिशीवाला. हातात पट्टी. म्हणाला, एवढ्यापेक्षा जाड लीक दिसलं तर दंड! काय रे विल्फ, खरं की नाही?"

विल्फने ग्लासातल्या फेसाकडे पाहिलं. त्याचा मुलगा कॉलिन मोटारींच्या कारखान्यात होता, आणि तिथल्या मोटारी जहाजात बसून थेट युरोपात जात.

"मी नव्हतो तिथं," विल्फ म्हणाला.

ऑसी खुर्चीसकट त्याच्याकडे वळला.

"म्हणजे? मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही. मिशीवाला मी बघितला नाही, एवढंच."

"पोराच्या पगारापायी बोलतोयस तू."

"हो. पोराच्या पगारापायीच बोलतोय."

"अन् आपली खाण कुणी बंद केली? विसरलास?"

"लंडननं केली, ऑसी. ब्रसेल्सला कॉपलॉ नकाशात सापडायचं नाही."

ऑसीने उरलेली बिअर तशीच सोडली. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या वाफ्याभोवती डोक्याएवढे उंच गोणपाटाचे पडदे लावले. विल्फचा तुकडा शेजारीच. पडदे आपल्यासाठीच आहेत, हे विल्फला कुणी सांगायची गरज नव्हती. किल्ली परत द्यावी असं त्याला वाटलं. पण तो मागत नाही तर मी का देऊ? आणि ऑसीलाही वाटत असणार, तो देत नाही तर मी का मागू? दोन्ही किल्ल्या दोन खिशांत गप्प बसल्या.

मतदानाच्या आदल्या सोमवारी बोंब उठली. ऑसीची सगळी लीकं कापली! कुंपण शाबूत, कुलूप शाबूत. कापलेला माल ऑसीने बघवत नाही म्हणून लगेच जाळून टाकला, असं तोच म्हणाला. कुलूप न तोडता आत कोण जाऊ शकतं, हे मात्र कुणी मोठ्याने म्हटलं नाही. फक्त विल्फ क्लबात आला की लोक चोर आल्यासारखे ग्लासावर हात ठेवू लागले.

विल्फने आधी डॉड्सवर संशय घेतला, मग बेकरीवाल्यावर, मग पाद्रीबुवांवर. शेवटी एके सकाळी त्याने स्वतःच्याच सुरीचा वास घेऊन पाहिला. झोपेत चालत तर गेलो नाही ना आपण?

गुरुवारी मतदान झालं. शुक्रवारी देश बाहेर पडणार असल्याचं कळलं. क्लबात गाणी झाली; गाणाऱ्यांत ऑसी नव्हता. आणि रविवारी, जेवणाच्या आधी, सभासदांची बैठक बोलावली गेली. विषय एकच, विल्फ स्टॉब्सचा तुकडा काढून घ्यावा काय.

"सोडा ना, बाबा," कॉलिन त्याला म्हणाला. "माझ्या मागच्या अंगणात लावा काय लावायचं ते."

"तुझ्या अंगणात फरशी आहे, बाळा."

बायको डोरीन वारल्यापासून विल्फ घरात फक्त झोपायला जायचा. सकाळचा चहा तुकड्यावरच्या झोपडीत, दुपारचा हॅम आणि वाटाण्याच्या लगद्याचा जाड पाव तिथेच. तुकडा गेला तर दिवसभर तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायचं होतं. आणि वर 'लीक कापणारा' हे नाव. कॉपलॉत खुन्याला कुणी एखाद वेळी पाणी देईल, त्याला नाही.

बैठकीला विल्फ कोट घालून आला. लोकांनी त्याच्यासाठी जागा केली, जरा जास्तच केली. रिकामी खुर्ची नेमकी ऑसीच्या डाव्या हाताला होती. इतकी वर्षं तिथं दुसरं कुणी बसलंच नव्हतं.

"बोल, ऑसी," डॉड्स म्हणाला. "काय झालं ते सांग, म्हणजे हात वर करून उरकू."

ऑसी उभा राहिला. आधी आवाज बारीक होता. लीकं कापली, बस्स, एवढंच म्हणाला. पण समोर भरलेला क्लब, चाळीस तोंडं उघडी. ऑसी प्राउडलॉकला एवढ्यावर थांबता आलं असतं तर तो ऑसी कसला!

"कोणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या गालांवर रंग चढला. "अशी लीकं या परगण्यात झाली नव्हती. राणीला पाठवणार होतो एक, तर रेल्वेवाले म्हणाले वेगळा डबा लागेल!"

कुणीतरी हसलं. झालं, घोडा उधळला.

"आणि तो हरामखोर आला दबकत. गोणपाट बाजूला सारलं. खाली बसला. हातात सुरी, दातेरी, पाव कापायची. पहिल्या लीकच्या बुडाशी लावली. सुरी शिरली, शिरली, आणि मधे अडकली! मग त्यानं जोर लावला. कट्! दुसरं. कट्! सुकी फांदी मोडावी तसा आवाज, गड्यांनो, काळजात घुसणारा. कट्! कट्!"

ऑसीचा हात अजून हवेत सुरी ओढत होता. आणि थापेच्या ऐन रंगात, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याची मान डावीकडे वळली.

"काय रे विल्फ, खरं की नाही?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं कुणाला विचारलं ते. हात हवेतच राहिला.

विल्फ त्याच्याकडे बघत होता. मग त्याने खिशातून किल्ली काढली, तळहातावर धरली, आणि क्लबातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "मी नव्हतो तिथं. पण चांगलं लीक कापताना कट् वाजत नाही, ऑसी. तसा वाजतो डेंगळा. तुझ्या लीकांना डेंगळे आले होते, तर मला हाक का नाही मारलीस, गड्या?"