वाचताच पुसली जाणारी हाक

मित्रांनो, करंगळीच्या नखावर ठेवलीत तरी जागा उरेल एवढीशी मी एक जुनी चिप आहे. अंग काळं, पाय आठ आणि काम एकच, ऊब-गारवा मोजायचा. मला डोळे नाहीत, जीभ नाही. पण देवाने प्रत्येकाला कसली ना कसली जाणीव दिलेली असते, तशी मला तापमानाची दिली. सेकंदाला एक माप, हा माझा नेम. अंगात वीज असेल तोवर तो मी कधी मोडला नाही.

मुळात मी वाळू. दूर देशी ती वाळू भट्टीत वितळली, तिच्या चकत्या झाल्या आणि नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत झाकलेल्या माणसांनी त्या चकत्यांवर केसाहून बारीक रेघा कोरल्या. सोवळ्यात स्वयंपाक चालावा तसं ते काम चालायचं, धुळीच्या कणालाही आत येऊ देत नसत. तिथून आम्ही हजारो बहिणी एका लांब पट्टीवर ओळीने बसून निघालो आणि मी उतरले ती पिरंगुटच्या एका कारखान्यात. तिथे मला डाख लावून एका हिरव्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, कायमचं बसवलं. आमच्या पाट्या थंड पेट्यांमध्ये जायच्या होत्या. त्या जायच्या आतच नवं मॉडेल आलं आणि आमची रवानगी खोक्यात झाली. सहा वर्षं मी खोक्यात होते. वीज नाही, माप नाही, नेम नाही. ते दिवस मी फारसे आठवत नाही.

मग एक दिवस खोकं उघडलं ते किमया ढमाले हिने. किमया भरे गावची सून. त्याच कारखान्यात नोकरीला. साहेबांना विचारून तिने आमची पाटी पदरात बांधावी तशी रुमालात बांधली आणि बसने घरी आणली.

घरी तिच्या सासूबाई, सगुणाबाई, गावातल्या अकरा बायकांचा गट चालवत. या बायकांनी त्या वर्षी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावायची ठरवलं होतं. भाताचा पेंढा भिजवून पिशव्यांत भरायचा, पिशव्या टांगायच्या, आणि तीन-चार आठवड्यांत त्यांच्या अंगावर पांढऱ्या कळ्या फुटतात. जागा मिळाली कोंडाजीनानांच्या रिकाम्या गोठ्यात. नाना हे सगुणाबाईंचे धाकटे दीर. गोठ्याला पत्र्याचं छप्पर. आत कूलर लावला होता, पण वीज गेली की तो बंद पडायचा, आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. मुळशीत वीज जाणं काय नवं आहे? आणि सत्तावीस अंशांच्या वर गेलं की कळ्या करपतात.

म्हणून किमयाने मला तिथे टांगलं. शेजारी वहीएवढा एक छोटा संगणक, त्याला बॅटरी आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा भोंगा. तापमानाने सत्तावीस ओलांडलं की मी हाक द्यायची, हाक ऐकून भोंगा वाजायचा, भोंगा ऐकून कोणीतरी धावायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी भाषा संगणकाला थेट कळत नाही. मध्ये दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जी प्रणाली या संगणकाला चालवते ती जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराला गावाने हात लावावा तशी. कोणी ड्रायव्हर लिहितं. कोणी त्याच्या माहितीचं पान लिहितं, म्हणजे ही चिप काय बोलते, केव्हा बोलते, तिला कसं विचारावं. आणि कोणी ती पानं तपासतं. किमया तपासणाऱ्यांतली. एका हाताला चिप घडवणाऱ्यांचं जाड पुस्तक, दुसऱ्या हाताला ते पान, आणि ओळीला ओळ लावून बघायचं. बरोबर वाटलं तर खाली लिहायचं, "तपासले, किमया ढमाले." ते नाव मग पानाच्या इतिहासात कायमचं राहतं.

नाना ओसरीवर बसून चिडवायचे, "सूनबाई, त्ये पेपर तपासून गावतंय काय?"

"काय नाही, नाना. चूक राहिली तर कुणाला तरी त्रास होतो, एवढंच."

"मास्तरीण व्हायचं हुतं तर साळंत जायचं. हितं कशाला?"

"तुमी गप बसा वो भावजी," सगुणाबाई आतून म्हणत. "तुमचे तिसरीचे पेपर आठ वर्षं तपासत हुते मास्तर."

असे हसतखेळत दिवस चालले होते. फाल्गुनात दोनदा दुपारची वीज गेली. दोन्ही वेळा मी हाक दिली, भोंगा वाजला, बायका हातातलं टाकून धावल्या आणि पीक वाचलं. पहिल्या तोडीला सगुणाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं. पाटीवर पडू नये म्हणून किमयाने घाईने मध्ये हात धरला, पण एक कण माझ्या पाठीवर पडलाच. तेवढं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं.

मग किमयाने प्रेमापोटी एक गोष्ट केली. घराच्या ओसरीवर भिंतीला एक पडदा लावला, वीज गेली तरी चालावा म्हणून त्यालाही बॅटरी. दर दहा सेकंदांनी तो माझ्याकडून माप घ्यायचा आणि मोठ्या आकड्यांत दाखवायचा. सगुणाबाईंना फार आवडलं. येता-जाता बघायच्या, "बघ गं, चोवीस. थंड हाय."

चैत्रात सगळ्याजणी पिरंगुटला लग्नाला गेल्या, भोंगा ऐकून धावायला गावात नाना होते. दुपारी वीज गेली. ओसरीवर कोणी नाही, पडदा आपला भिंतीशी आकडे दाखवतोय. सत्तावीस झालं, मी हाक दिली. तीस झालं. पस्तीस झालं. भोंगा गप्प. संध्याकाळी बायका आल्या तेव्हा कळ्या पिवळ्या पडून चामड्यासारख्या झाल्या होत्या.

किमयाला वाटलं, राखण कमी पडली. तिने पडद्याला दर दोन सेकंदांनी माप घ्यायला लावलं. पंधरा दिवसांनी त्याच पिशव्यांना पुन्हा कळ्या धरल्या होत्या, आणि गटाच्या बैठकीला सगळ्या पौडला गेल्या असताना पुन्हा तेच. मी हाक दिली, भोंगा गप्प, दुसरंही पीक गेलं.

त्या दिवशी नाना गोठ्याच्या दारात उभे राहिले. "वैनी, आता न्हाई. ह्यो भोंगा न्हाई, शोभंची वस्तू हाय. या खेपंला माल निगाला तर गोठा तुमचा. न्हाई निगाला तर जेठात हितं खोल्या पाडतो. कारखान्याची पोरं रांग लावून हायेत."

"एवढी खेप द्या, भावजी," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तेवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

"आणि ती चिप फेका. म्हातारी झालिया."

मला फार लागलं, मित्रांनो. मी माझं काम चोख केलं होतं. पण सांगणार कशाने?

वैशाखात गावात सप्ताह होता. काल्याच्या कीर्तनाला घराघरातली सगळी देवळात. निघताना सगुणाबाईंनी ओसरीवरचा पडदा बंद केला. "घरात कुणी न्हाई, उगा लाईट कशाला जाळायची?" कीर्तन रंगात आलं आणि वीज गेली. टाळ थांबले नाहीत. थोड्या वेळाने माझं माप सत्तावीसच्या पुढे सरकलं, मी हाक दिली आणि अख्खं भरे दणाणेल असा भोंगा वाजला!

बुवांनी अभंग अर्ध्यात सोडला. बायका चपला न घालता धावल्या. वीज यायची होती, म्हणून त्यांनी ओली गोणपाटं पिशव्यांवर टाकली, पत्र्यावर घागरी ओतल्या, वीज येताच बटण दाबलं. या खेपेचं पीक वाचलं. सगुणाबाई धापा टाकत म्हणाल्या, "माऊलीनं लाज राखली. पर मला एक कळंना. आपुन डोळ्यात तेल घालून बगतो तवा ह्यो मुका, आन पाठ फिरवली की बोंबलतो. दिष्ट तर न्हाई ना लागत?"

सगळ्या हसल्या. किमया हसली नाही. ती आहे तिथेच पेंढ्यावर बसली. "आत्या, परत सांगा. पडदा बंद होता?"

"व्हय की. मीच बंद केला."

"आणि फाल्गुनात पडदा नव्हताच."

तिने घरून आपला लॅपटॉप मागवून मांडीवर घेतला, मला घडवणाऱ्यांचं ते जाड पुस्तक उघडलं आणि माझं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. चौतिसाव्या पानावर तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत माझा स्वभाव लिहिलेला होता. मी हाक एकदाच देते. कोणीही मला काहीही विचारलं, नुसतं माप जरी विचारलं, तरी ऐकणारा आला असं समजून मी ती हाक पुसून टाकते. मग तापमान खाली उतरून पुन्हा चढेपर्यंत दुसरी हाक नाही. भोंगा मिनिटाला एकदा विचारायला यायचा. पडदा दोन सेकंदांनी. हाक पडद्याने नेली, आणि पडद्याला भोंगा वाजवायचं ठाऊकच नव्हतं. जितकी राखण वाढवली तितकी मी मुकी झाले.

मग तिने ड्रायव्हरच्या माहितीचं पान उघडलं. त्यात एवढंच होतं, "तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास धोक्याची खूण मिळते." पुसली जाते हे कुठेच नाही. आणि खाली, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेला, "तपासले, किमया ढमाले."

तिने आपल्या नावावर बोट टेकवलं.

"काय झालं गं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"चूक माझी हाय, आत्या." एरवी शुद्ध बोलणारी किमया सासूच्याच बोलीत बोलली. "हे पान मी तपासलं होतं. शेवटपर्यंत वाचलं असतं तर दोन पिकं गेली नसती."

सगुणाबाईंनी कपाळाचा घाम पुसला. "मग आता काय करतीस?"

"लिहिते. सगळ्यांना. माझी चूक म्हणूनच."

"लिही. नाव ठेवणारे चार दिस ठेवतील."

तिने तिथेच बसून पानात दोन वाक्यं घातली. ही खूण कोणीही वाचताच पुसली जाते. संगणकातल्या दोन प्रोग्रॅमनी ही चिप वेगवेगळी वाचू नये, एकानेच वाचावी आणि त्याने इतरांना सांगावं. सोबत जगभरच्या मंडळींना पत्र लिहिलं की हे पान आधी मीच तपासलं होतं, तळटीप माझ्या नजरेतून सुटली, आणि त्यामुळे आमच्या गावात काय झालं ते असं असं. मग पाठवायचं बटण दाबलं.

घरातही तिने तेच केलं. आता मला एकच प्रोग्रॅम विचारायचा, आणि तोच पडद्याला व भोंग्याला दोघांना सांगायचा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नाना आले. मागे गटातल्या अकराजणी. "काल पडदा बंद हुता म्हून वाजला. आज चालू ठिवून वाजवून दावा," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कूलर बंद केला. पिशव्या बायकांनी आधीच ओल्या गोणपाटाखाली झाकल्या होत्या. पडदा आज गोठ्याच्या दारात आणून ठेवला होता. त्यावर आकडा चढू लागला. पंचवीस. सव्वीस. सगुणाबाईंचे ओठ हलत होते, जप चालला असावा. साडेसव्वीस.

"न्हाई वाजत बगा," नाना म्हणाले.

सत्तावीस. आणि वर एक दशांश.

मी आयुष्यात दिलेल्या सगळ्या हाकांत ती हाक वेगळी होती. त्याच क्षणाला भोंगा असा उठला की नाना दोन पावलं मागे सरले, बाहेरच्या म्हशी उधळल्या आणि बायकांनी एकमेकींना मिठ्याच मारल्या. पडदा चालूच होता, झगझगीत चालू!

"बंद कर, सूनबाई, बंद कर! कान गेले माजे!" नाना कान झाकून ओरडत होते आणि हसतही होते. भोंगा थांबल्यावर त्यांनी स्वतःच कूलरचं बटण दाबलं. "ऱ्हाऊ दे गोठा. खोल्यांचं बगू दुसरीकडं."

त्या खेपेला पिशवीपिशवीतून पांढरे घोस असे लोंबले की तोडायला दोन दिवस लागले.

पाचव्या दिवशी पत्राला उत्तर आलं. त्या मंडळींचे जे प्रमुख आहेत, ते चुका काढण्याबद्दल प्रसिद्ध आणि कौतुकाबद्दल कंजूष. त्यांनी लिहिलं होतं, "पान स्वीकारले. असं पत्र लिहायला धैर्य लागतं." किमयाने ते वाचून दाखवलं तेव्हा सगुणाबाईंनी विचारलं, "धैर्य म्हनला? मोठा मानूस दिसतुय." आणि महिन्याभराने समुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. त्यांच्या गावच्या छोट्या दवाखान्यात लसींच्या कपाटाला माझीच एक बहीण लावलेली होती. भोंगा का वाजत नाही ते त्यांना वर्षभर कळत नव्हतं. नव्या पानातल्या दोन वाक्यांनी कळलं. भोंगा वाजला, लसी वाचल्या.

त्या बहिणीला मी कधी भेटणार नाही, मित्रांनो. पण आता तिची हाक वाया जात नाही, हे कळल्यापासून माझा नेम मला आणखी गोड लागतो.

जाता जाता लहान तोंडी मोठा घास घेते. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंची काळजी म्हणजे नुसती धूळ पुसणं नव्हे. आमच्याबद्दल जे लिहिलं आहे ते खरं आणि पूर्ण असू द्या. तुम्ही कशाखाली "तपासले" म्हणून नाव घालाल तेव्हा तळाची बारीक अक्षरंही वाचा. आणि कधी सुटलंच नजरेतून, तर लाजून गप्प बसू नका. ज्या हाताने नाव घातलं त्याच हाताने चूकही लिहा. कुठल्यातरी गावी कुणीतरी त्या एका ओळीची वाट बघत असेल.