ताटात उरणारे दोन तुकडे

“सरक वं जराशी, पोरं आठे बसतीन,” म्हणत धनुबाईने आपली दोन लेकरे सतरंजीवर दाबून बसवली. रूपलीबाईला उठावे लागले. प्रार्थनाघरात बायकांच्या शेवटच्या ओळीत एकच जागा मोकळी होती, सुंदरबाईच्या शेजारची. दोन महिने तिने टाळलेली.

ती बसली. पदर आवरून घेतला, सुंदरबाईच्या लुगड्याला लागू नये इतका.

सुंदरबाई मूळची रनाळ्याची, गावोगाव फिरून बायकांना ख्रिस्ती शास्त्र शिकवणारी. प्रभूची प्रार्थना दळताना म्हणता यावी म्हणून तिनेच ती ओव्यांत बसवली होती. रूपलीने ती जात्यावर पाठ केली, मांडीवर आपल्या तान्ह्या दिवाल्याला निजवून. पीठ त्याच्या पापण्यांवर बसायचे.

श्रावणातल्या त्या रविवारी दिवाल्याला ताप चढला. नऊ महिन्यांचे पोर, डोळे पांढरे करू लागले. दवाखाना नंदुरबारला, अर्ध्या दिवसाची वाट. तिच्या नवऱ्याने, धनसिंगने, बैल सोडून आणले, तेव्हा सुंदरबाईने पुढे होऊन जुवावर हात ठेवला होता.

“आज प्रभूना दिन शे, भाऊ. गाडी सकायमा जुंपा. आज आपन प्रार्थना करूत.”

कोंबडा आरवायच्या आत दिवाल्याचे अंग गार पडले. धनसिंगने फळीवर कोळशाने १९३४ लिहिले आणि ती कबरीच्या मातीत रोवली. रूपलीने तेव्हापासून ओवी पुरी म्हटली नव्हती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; भाकरीच्या तुकड्यांचे ताट हातोहात फिरे. आदल्या दिवशी पाळक फत्तेसिंग बजावून सांगत, मनात कुणाविषयी अढी असेल त्याने भाकरीला हात लावू नये. रूपलीने दोन वेळा ताट तसेच जाऊ दिले होते. तिसऱ्यांदा दिले, तर मंडळीच्या पंचांपुढे कारण सांगावे लागणार होते. कारण शेजारीच बसले होते.

“पाळकीणबाईले हिसाब येत नही का काय?” धनुबाई पुढून कुजबुजली. “नावं मोजीसन तुकडा करस, तरी दर खेपे दोन उरतस. आनि उपदेश असा लांबना, का भाकर वाळी जाई!”

दोन-तीन जणी पदराआड हसल्या. उरणाऱ्या दोनांतला एक तुकडा आपला, हे रूपलीला ठाऊक होते. दुसरा कुणा आजाऱ्याचा असेल, असे ती धरून चालली होती.

कुणाचे तरी तान्हे रडले. रूपलीची चोळी ओली झाली. अजूनही व्हायची. तिने पदर छातीशी घट्ट धरला, आणि तेवढ्यात ओवी सुरू झाली. बायका डोलू लागल्या. माफीचे कडवे आले.

*आम्हां ज्याने घाव दिला, त्याला आम्ही माफ केलं*

रूपलीने ओठ मिटले. शेजारून सुंदरबाईचा आवाज स्वच्छ, सरळ येत होता. किती सहज म्हणते ही, रूपलीच्या मनात आले, आणि तिने नखे तळव्यात रुतवली.

*बापा, तूही माफ कर, आम्ही जे जे पाप केलं*

हे ती म्हणू लागली, आणि शेजारचा आवाज एकदम थांबला. तिने मान वळवली. सुंदरबाईचे ओठ बंद होते. मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे ती पाहत होती. तोच हात, जुवावर ठेवलेला.

ओवी संपेपर्यंत रूपली पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत राहिली. मग दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याशी बोलली.

“बाई, गळा बसना का?”

“नही.”

“तुन्हीच करेल ओवी शे ना?”

“ती ओळ म्हनाले जीभ उठत नही,” सुंदरबाई म्हणाली. “त्या रातपासून.”

“भाकर घेस का?”

सुंदरबाईने नकारार्थी मान हलवली.

पितळी ताट ओळीओळीने मागे येत होते. हात पुढे होत, तुकडा तोंडात जाई. रूपलीच्या हाती आले तेव्हा ताटात दोनच तुकडे होते.

“मन्ही सोडेल ओळ तू म्हनी ऱ्हायनी,” ती हळूच म्हणाली.

“आनि मन्ही तू.”

सुंदरबाईने ताट परत पाठवायला हात पुढे केला. रूपलीने काठ सोडला नाही. समोर पाळक फत्तेसिंग थांबून होते. सगळे प्रार्थनाघर थांबून होते.

धनुबाईने वळून पाहिले.

“ताट कथं अडकनं वं?”

ताटात दोन तुकडे होते, आणि काठावर दोन हात.