छकुलीचे दिवंगत काका

छकुलीची पंचविशी उलटली होती, तरी घरात तिला छकुलीच म्हणत आणि आत्या तिच्या दुधावर अजून फुंकर घालून देई. वर घर, खाली बाबांचं दुकान. लोकांची झुंबरं, आरसे, फुलदाण्या गवतात बसवून लाकडी खोक्यांत बंद करायच्या, हा बाबांचा धंदा, आणि त्यात छकुली बापसे बेटी सवाई निघाली होती. तिने भरलेलं खोकं जिन्यावरून गडगडलं तरी आतला पेला शाबूत राही. तिची खोकी समुद्रापार जाऊन आली. ती स्वतः मात्र कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापुढे कधी गेली नव्हती.

याला कारण तिचे काका.

काका उदंड होते आणि झाडून सगळे मेलेले होते. छकुलीने सायकल मागितली, तेव्हा आत्याने डोळ्यांना रुमाल लावून सांगितलं, की तुझा एक काका सायकलवरून पडूनच वारला. पोहायचं नाव काढलं, तर एक काका तळ्यात बुडालेला निघाला. एक झाडावरून पडला, एकावर वीज कोसळली, एक रस्त्यावरचं आईस्क्रीम खाऊन दगावला. आजोबांना एकंदर मुलं तरी किती, हे कोडं छकुलीला कधी सुटलं नाही. आजी बिचारी उसंत कधी घेत असेल, या विचाराने तिला वाईट वाटे. आईबद्दल मात्र सगळे मिठाची गुळणी धरून बसत. विचारलं की बाबा खिळे शोधायला लागत. वरच्या मजल्यावर आईची खोली होती आणि तिची खिडकी छकुलीने कधी उघडलेली पाहिली नव्हती.

अशात नाट्यगृहाचा आरसा आला. पुरुषभर उंच, कडांना कोरीव वेलबुट्टी. व्यवस्थापकाची अट एकच: ज्याने खोकं भरलं, त्यानेच सोबत येऊन ते उघडायचं. भरलं होतं छकुलीने. ट्रक यायच्या सकाळी ती उजाडल्यापासून बूट घालून बसली होती.

"तू? ट्रकमधून?" बाबांच्या हातून हातोडी पडली. "काही नको. आरसा परत पाठवू."

"बाबा, मला जायचंय. फार जायचंय. आज नाही गेले, तर मी कधीच जाणार नाही, हे मला कळतंय."

आत्याने खुर्ची ओढली आणि रुमाल काढला. आता एक काका जाणार, हे छकुलीने ओळखलं.

"तुझा एक काका," आत्या म्हणाली, "असाच आरसा पोचवायला निघाला होता..."

तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला आणि ड्रायव्हर आत आला. मिशा पिकलेल्या, पोट सुटलेलं. गवताची धूळ नाकात गेली तशी त्याने सणसणीत तीन शिंका दिल्या आणि तिसरीनंतर शिंकेलाच दम भरला, "अरे हट्!" शिंकेला दम भरणारा जगात एकच माणूस छकुलीच्या ओळखीचा होता. तो खाली वाकून हातोडी शोधत होता.

बाबा उभे राहिले ते पांढरेफटक पडून.

"दादा," ड्रायव्हर म्हणाला, "माल उचलायचा पत्ता वाचला आणि म्हटलं, हे तर आपलंच घर. ही तुझी लेक ना? अगं, मी तुझा काका."

"कोणता?" छकुलीने विचारलं. "सायकलचा, तळ्याचा की आईस्क्रीमचा?"

"कोणता म्हणजे? दादाला भाऊ एकच, मी."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. "मग काय करू?" आत्या उखडली. "एकच भाऊ हाताशी होता. त्यालाच पुरवून पुरवून वापरला!"

काकांनी सगळे मृत्यू ऐकून घेतले. "वीज पडली, एक वेळ समजू शकतो," ते दुखावून म्हणाले. "पण आईस्क्रीम?"

बाबा एका खोक्यावर मटकन बसले. "हा न सांगता निघून गेला. त्याच वर्षी तुझी आई गेली. मग मी ठरवलं, आता या घरातून कुणी बाहेर पडायचं नाही."

"आई कुठे गेली होती, बाबा? खरं सांगा."

"कुठेच नाही गं. ताप आला तिला. वरच्या खोलीत, माझ्या शेजारी. वारा लागू नये म्हणून मी खिडकीसुद्धा लावून घेतली होती."

या मरणावरून छकुलीला कशाची बंदी करावी, हे आत्यालासुद्धा कधी सुचलं नव्हतं. छकुलीला रडू आलं. तिने बाबांचा हात घट्ट धरला आणि मग उठून ट्रकमध्ये जाऊन बसली.

बाबा मागोमाग गवताचे भारे घेऊन आले आणि तिच्या दोन्ही बाजूंनी ठासू लागले. गवत हनुवटीला लागलं.

"बाबा, हलायला जागा ठेवा. फार घट्ट भरलं की काच आधी तडकते. तुम्हीच शिकवलंत."

बाबा थबकले. त्यांनी एक मूठ गवत उपसलं. मग आणखी एक.

ट्रक निघाला. न्हाव्याचं दुकान आलं आणि गेलं. छकुलीने बाजूच्या आरशात पाहिलं. बाबा दोन्ही मुठींत गवत घेऊन रस्त्यात उभे होते. वरच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती आणि तीतून अर्धी बाहेर वाकून आत्या ओरडत होती, "आईस्क्रीम खाल्लंस तर हळूहळू खा गं!"