एक्सल काही निघत नाही

"वहिनी, गाडी म्हातारी झाली. तिला सुखानं मरू द्या की," असं म्हणत धाकट्या दिरानं अंगणात बाज टाकली आणि सकाळी सकाळीच तो प्रेक्षक होऊन बसला.

थोरली सून गाडीखाली होती. बाहेर तिचे दोन पाय तेवढे दिसत होते, आणि त्या पायांनाही राग आलेला दिसत होता.

"मरायची घाई असेल तर तुम्ही पुढं व्हा, भावजी. हिला उद्या डेअरीवर दूध घालायला जायचंय."

गाडी दिरापेक्षा दोनच वर्षांनी लहान होती आणि त्याच्यापेक्षा बरीच कामाची. नवरा परगावी नोकरीला. म्हशी, दूध आणि गाडी हिच्या वाट्याला. आता पुढचं डावं चाक फिरवणारा दांडा, म्हणजे एक्सल, कामातून गेला होता. नवा एक्सल पोत्यावर तयार होता. जुन्याचं चाकाकडचं टोक तिनं सोडवलं होतं. गिअरबॉक्सकडचं टोक मात्र जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं आत ठाण मांडून होतं.

सासऱ्यांनी निवाडा देऊन टाकला होता. "दिवस मावळायच्या आत दांडा निघाला, तर गाडी सूनबाईची. नाही निघाला, तर भंगारात."

दिराला त्या जागेवर मोटारसायकल लावायची होती. मोटारसायकल अजून नव्हती, पण जागा आत्ताच हवी होती.

तिनं डिझेल ओतलं, पहारीनं रेटलं, हातोडा घातला. गाडी दगडांवरून घसरू नये म्हणून पलीकडून झाडाला साखळीनं आवळली. शेवटी शिव्या दिल्या. शिव्यांनी एक्सल जरासा हलल्यासारखा वाटला, पण तो तेवढ्यापुरताच.

"जन्मात निघायचा नाही तो," दीर दर तासाला सांगत होता.

उन्हं कलली आणि भंगारवाला टेंपो घेऊन हजर झाला. दिरानंच बोलावला होता. चाक काढलेली गाडी ढकलता येईना, तेव्हा टेंपोनं ओढायचं ठरलं. दिरानं बंपरला साखळी लावून हिसका दिला. बंपर हातात आला.

सून गाडीखालून बाहेर आली. हात पुसत तिनं टेंपोकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"एक्सललाच लावा की, भावजी. गिअरबॉक्सजवळ, त्या जाड गाठीमागं. सकाळपासून तुम्हीच सांगताय, तो निघायचा नाही म्हणून."

वहिनीला आपलं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदा पटलं, या आनंदात दीर स्वतः गाडीखाली शिरला आणि कोपरापर्यंत ग्रीस माखून साखळी अडकवून आला.

"ताई, नेऊ ना मग?" भंगारवाल्यानं विचारलं.

"ओढून जे येईल ते तुमचं."

टेंपोनं धूर सोडला. चाकांनी माती उकरली, गाडी कण्हली, झाडानं पानं गाळली. मग 'खाडकन' आवाज झाला आणि टेंपो थेट उकिरड्यात जाऊन थांबला. त्याच्यामागं साखळीला बांधलेला एक्सल दोरीला बांधलेल्या कोंबडीसारखा उड्या मारत गेला. गाडी जागच्या जागी.

"फसवणूक! गाडी झाडाला कुणी बांधली?" दीर किंचाळला.

"मी. तुम्ही खाली शिरला होता ना, अंगावर पडली असती."

"बाबा, तुम्हीच सांगा आता!"

सासऱ्यांनी कपाळावर हात धरून सूर्य बघितला, मग उकिरडा बघितला. "दिवस आहे अजून. दांडाही निघालाय. कुणी काढायचा ते मी बोललोच नव्हतो."

"मग मी काय नेऊ?" भंगारवाला उकिरड्यातून ओरडला.

"तो दांडा न्या. बंपर मात्र ठेवून जा, तो भावजींनी हातानं काढलाय," सून म्हणाली आणि परत गाडीखाली गेली. थोड्या वेळानं तिचा एक हात बाहेर आला.

"भावजी, नवा एक्सल द्या. आणि हात काळे झालेतच तुमचे, तर पानाही धरा."

दिरानं बापाकडं पाहिलं. बाप सूर्याकडं बघत होता. मग दीर पोत्यावरचा एक्सल उचलून गाडीखाली सरपटला.

"हळू," आतून आवाज आला, "नवा आहे तो."