पाळण्याचं नाव मायरा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. माझ्यात झोपलेल्यांचं पुढे काय झालं, हे मला कोणी विचारत नाही. विचारूही नये.

माझा जन्म आयर्लंडमधल्या स्लायगो गावचा. सुताराने माझ्या पायाकडच्या फळीवर ‘मायरा’ हे नाव इतकं खोल कोरलं, की घासूनही जाईना. म्हणून मी ज्या घरी गेलो, तिथल्या बाळाचं नाव मायराच पडलं. पहिली मोठी होऊन समुद्रात पोहायला गेली. तिचा टॉवेल अजून वाट बघतोय. दुसरीला रानात शिकाऱ्याची गोळी लागली. तिसरी मायरा कुत्री होती. ती विहिरीत पडली. लोक माझं कौतुकच करायचे: लाकूड काय मजबूत आहे!

मग बरीच वर्षं गॅरेजमध्ये धूळ खाऊन मी ल्यूकनला राजीव आणि रोहिणीकडे आलो. त्यांना नुकतीच मुलगी झाली होती. नाव वाचून राजीव खूश. “बघ, पाळणा नावासकट आला. इथल्यांना म्हणायलाही सोपं.”

बारशाला त्याची बहीण सुरुची आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिचा. आधी अर्थ तरी बघू, म्हणून तिने फोन उघडला आणि तिचा चेहरा उतरला. ग्रीक पुराणात मायरा नावाच्या बऱ्याच जणी निघाल्या. एक समुद्रातली. एकीला देवीने बाण मारून संपवलेलं. आणि एक कुत्री, तिने विहिरीत जीव दिलेला.

“दादा, हे नाव नको.”

“अगं, ल्यूकनमध्ये कोण बाण मारतंय? होईल सगळं ग्रँड,” तो इथल्या लोकांसारखं म्हणाला.

मी करकरलो. त्यांना वाटलं, तेल हवंय.

सुरुची माझ्यावर वाकली. रिवाजाप्रमाणे बायका तिच्या पाठीत धपाटे घालू लागल्या. “कुर्रर्र,” ती मोठ्याने म्हणाली आणि माझ्या लाकडाला ओठ टेकवून कुजबुजली, “मायरा तू.” मग बाळाच्या कानाशी गेली. “तू मुक्ता.”

उठून तिने सगळ्यांना ‘मुक्ता’ सांगितलं. राजीव चिडला, पण एकदा कानात गेलेलं नाव बाहेर कोण काढणार? रोहिणी पेढे वाटायला लागलीसुद्धा.

मुक्ता आता धावते. मी मागच्या अंगणात असतो. माझ्यात पाणी साचलंय, वाकून बघितलं तर तळ दिसत नाही. कुंपणापलीकडे काहीतरी भुंकतं, आणि हल्ली मला उत्तर द्यावंसं वाटतं.

मित्रांनो, बाळाला नाव जपून ठेवा. आणि जुन्या पाळण्याला नावं ठेवू नका. त्याला आधीच एक आहे.