घरातली माणसं: चार

आईला घरी आणली तर वर्षाला चव्वेचाळीस हजारांचा फायदा होता. चार वर्षांचे एक लाख शहात्तर हजार. हा हिशेब तिच्या पोटच्या थोरल्या मुलाने काढला होता, तोही रविवारी सकाळी, चहा घेता घेता.

तो पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर. साधा वॉशरसुद्धा दोन सह्यांशिवाय सोडत नसे, म्हणून कामगार त्याला वॉशरशेठ म्हणत. पगार असा, की गरिबांच्या यादीत नाव बसेना आणि श्रीमंतांच्या यादीकडे बघवेना. मुलगी हुशार निघाली, घरातली चैन ती एवढीच. तिला हव्या त्या कॉलेजची फी वर्षाला एक लाख चाळीस हजार. वॉशरशेठची झेप, पोट आवळून, अठ्ठ्याहत्तरची.

फीमध्ये किती मदत मिळेल याचा अंदाज सांगणारं एक पान कॉलेजच्या वेबसाइटवर होतं. घरातली माणसं तीन टाकली तर आकडा आला अठरा हजार. गंमत म्हणून चार टाकली. बासष्ट! अठ्ठ्याहत्तर अधिक बासष्ट, झाले एकशे चाळीस. गोदामातला नटसुद्धा बोल्टवर इतका चपखल बसत नसे. खाली बारीक अक्षरांत अट होती: चौथं माणूस अर्जाआधी सहा महिने घरात राहत असलं पाहिजे.

"आई आहे की," तो बायकोला म्हणाला.

"आहे, हे आज आठवलं वाटतं," ती म्हणाली. पण फ्रिज सरकवला तर खाट मावते का, ते टेप लावून तिनेच मोजलं.

आई नऊ वर्षं धाकट्या मुलाकडे होती. तो इलेक्ट्रिशियन. तिथे तिला खिडकीची वेगळी खोली होती, आणि संध्याकाळी शेजारणींबरोबर पत्त्यांचा डाव.

"काय दादा, नऊ वर्षांनी एकदम उमाळा?" तिच्या पिशव्या गाडीत ठेवता ठेवता धाकट्याने चिमटा काढला.

"माझीही आई आहे ती."

"आहे ना. ने की. फक्त परत आणू नकोस. खोली रिकामी ठेवणं मला परवडायचं नाही."

आई आधीच गाडीत जाऊन बसली होती. नातीच्या शिक्षणाला तुझी गरज आहे, इतकंच तिला सांगितलं होतं. आपली कुणाला गरज आहे याचंच तिला अप्रूप. आठवड्याच्या आत तिच्या खोलीत भाडेकरू आला, महिना चार हजारांनी.

सहा महिने आई फ्रिज आणि बाथरूमच्या दाराच्या मध्ये झोपली. फ्रिज धडधडला की दचकून उठायची. वॉशरशेठने तेवढ्यात तिचा पत्ता सगळीकडे बदलून घेतला: बँकेत, दवाखान्यात, मतदार यादीत. तीन पुरावे, प्रत्येकाच्या दोन प्रती.

कॉलेजच्या मदत विभागातल्या बाईंनी फाइल चाळली आणि पासबुकाच्या प्रतीवर बोट ठेवलं.

"हे दर महिन्याला सहा हजार कसले?"

"वडिलांची पेन्शन. आता आईला मिळते. मी कधी हात लावला नाही हो त्याला."

"आजी तुमच्या घरात, म्हणजे पेन्शनही तुमच्या घरात. वर्षाचे बहात्तर हजार." बाईंनी आकडे टाकले. "उत्पन्नाची मर्यादा ओलांडलीत. मदत शून्य."

"मग तिला काढा! तीनच माणसं धरा. अठरा तरी द्या."

"काढू कसं? त्या तुमच्याकडे राहतात याचे तीन पुरावे तुम्हीच जोडलेत. आता नाही म्हणालात तर अर्ज खोटा ठरेल. मुलीची जागाही जाईल."

वॉशरशेठने आयुष्यात पहिल्यांदा एका कागदाची पोच न घेता खोली सोडली.

घरी सगळं ऐकून आईने विचारलं, "मला किती धरलं होतंस रे?"

"चव्वेचाळीस."

"तुझ्या वडिलांनी एवढा भाव कधी दिला नाही मला." ती हसली, दुसरं कुणी हसलं नाही. "बरं, इथलं माझं काम संपलं. सोड मला धाकट्याकडे."

त्याने फोन लावला. "दादा, भाडेकरूशी वर्षाचा करार झालाय," धाकटा म्हणाला. "आणि तुला आधीच सांगितलं होतं."

फोन ठेवून वॉशरशेठ खाटेच्या कडेवर बसला. फरशीकडे बघत, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आई, ती पेन्शन..."

"सही कुठे करू, ते सांग."

कॉलेजने उरलेली रक्कम बारा हप्त्यांत घ्यायचं कबूल केलं. मुलीला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाचा हिशेब असा: बापाने भरले अठ्ठ्याहत्तर हजार. कॉलेजने दिलं शून्य. धाकट्याने दिलं शून्य, वर भाड्याचे अठ्ठेचाळीस हजार मिळवले. बासष्ट हजार आईने भरले, दरमहा पाच हजार एकशे सदुसष्ट. शेवटचा हप्ता चारने कमी. तिच्या हातात महिन्याला आठशे तेहतीस उरले. त्यातून औषधं. अशी आणखी तीन वर्षं भरायची होती, आणि आईचं वय होतं एक्याऐंशी.