पाणी बंद

डॉक्टर समता इंगळेला सरळ बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण त्यात तिला मजा वाटत नाही. दुसरबीडच्या दवाखान्यात ती पोराला चॉकलेटवर पोसणाऱ्या आईला गंभीर चेहऱ्याने सांगायची, "लय चांगलं करून राह्यली बाई, दात तसेबी पडनारच हाय." आई हसायची, लाजायची आणि ऐकायची. समोरासमोर असं तिरपं बोलणं इथे सगळ्यांना कळतं. हीच युक्ती तिने मोबाईलवर आणली आणि तिचे व्हिडिओ धो धो चालले. जंत, लसी, हात धुणे असल्या विषयांवर जांभया देणारी माणसं पोट धरून बघायला लागली. चाळीस हजार लोक मागे लागले की कोणाच्याही डोक्यात थोडी हवा जाते. तिच्याही गेली.

परवाचा व्हिडिओ जुलाबावर होता. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, चेहरा मख्ख. "पोराले जुलाब लागले ना? पानी एकदम बंद करा. वरून पानी नाही, तं खालून काय येईन?" मिनिटभर हे चाललं. मग तिने टेबलावर हात आपटून खरं सांगितलं, की पाणी तोडलं तर पोर सुकून मरतं, ओआरएस पाजा, चमच्याचमच्याने पाजत राहा. लोकांना पहिला भाग आवडला. तेवढाच कापून त्यांनी स्टेटसला ठेवला. तो तुकडा समतानेही पाहिला होता आणि, खोटं कशाला बोला, खूश झाली होती.

सोमवारी दुपारी एक वाजता तिच्या पेजवर निरोप आला. "धन्यवाद मॅडम. स्टेटसले पाह्यलं. तुम्ही सांगतल्यापरमाने कालपासून बाळीचं पानी बंद केलं. संडास कमी झाली. पन लय झोपून राह्यली. हे चांगलंच ना?"

"पाणी पाजा. आत्ता. कुठं आहात?" समताने लिहिलं. उत्तर नाही. पेजवरूनच फोन लावला, एकदा, दोनदा, पाचदा. कोणी उचलेना. खात्यावर नाव प्रज्वल, फोटो मोटारसायकलचा, गावाचा पत्ता नाही. बाहेर पेशंटची रांग लागलेली, आणि ही खुर्चीतून उठते, खिडकीशी जाते, परत येऊन फोन बघते.

"मॅडम, आधी तो व्हिडिओ काढून टाका," दार लोटून आत आलेली मंजुश्री सिस्टर तो निरोप वाचून म्हणाली. "उद्या काही झालं तं तुमच्यावर येईन."

"काढल्यानं ते पोर सापडनार हाय का?" समता तिच्यावर खेकसली. खेकसायचं कारण असं, की क्षणापूर्वी तिचा अंगठा त्याच बटणावर गेला होता. त्याची तिला लाज वाटली.

मग ती लाईव्ह गेली. "मी डॉक्टर समता. माह्याकडून चूक झाली. पानी बंद करा म्हनलं ते मस्करीत होतं. एका घरानं ते खरं मानलं. प्रज्वल नावाचं हे खातं कोनाच्या ओळखीचं हाय?"

खाली भराभर हसरे चेहरे उमटले. "काय ॲक्टिंग करता मॅडम!" "एक नंबर!" तिने ज्यांना हसायला शिकवलं होतं, ते हसत होते. त्यांचं काय चुकलं?

"हसू नका बे!" ती किंचाळली. "पोर मरून राह्यलं तिकडं!" आणि कॅमेऱ्यासमोरच ती रडायला लागली.

तेव्हा कुठे हसणं थांबलं. चार मिनिटांनी दवाखान्याचा फोन वाजला. जवळच्या बीबी गावाहून गोविंदा नावाचा मोबाईल दुरुस्तीवाला बोलत होता. "मॅडम, प्रज्वल आमच्याच गल्लीतला. तो पुन्याले कंपनीत हाय, हा फोन बायकोजवळ असते. घेऊन येऊ का त्यायले?"

"येताना रस्त्यात पानी पाजत आना," समता म्हणाली.

पाऊण तासाने गोविंदाने आणलेली रिक्षा दारात थांबली. प्रज्वलची बायको अर्पिता उतरली, मागून सासू सत्यभामाबाई, तिच्या कडेवर अकरा महिन्यांची पोर. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर सावकाश खाली बसत होती. समताने ओआरएसचा चमचा ओठाला लावला. पोरीने तो हिरड्यांत घट्ट धरला, सोडेचना.

"फोन चार्जिंगले लावला व्हता," अर्पिता पुटपुटली. "अन् तुम्हीच तं सांगतलं व्हतं मॅडम."

"मी म्हनत व्हती घोटभर पाज," सत्यभामाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "भांडं वाजलं की पोरगी मान वळवे. पन सुनेनं मोबाईल माह्यापुढं धरला. म्हने, तुम्ही डाक्टर हाय का? मंग मी बसली गप. डाक्टरापुढं माह्यं काय चालते?"

समताने चमचा भरला.

पोर एकदा ओकली. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. लघवी होईपर्यंत धोका टळला म्हणता येत नव्हता, आणि लंगोट सकाळपासून कोरडा होता. समता एक पेशंट बघायची की आत यायची, लंगोट चाचपायची, परत जायची. मधेच मंजुश्रीने सांगितलं, "मॅडम, तुमचं रडनं लोकायनं स्टेटसले टाकलं." समताने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाच वाजले. साडेपाच झाले.

"भिजवलं वो मले!" आतून सत्यभामाबाई ओरडली.

समता धावत गेली. म्हातारीच्या लुगड्यावर तिने हात ठेवून पाहिला. ऊन, ओलं. तिथेच खाली फरशीवर बसून ती ओला हात तसाच धरून हसायला लागली, आणि डोळे काही थांबेनात.

सत्यभामाबाईने वाटी उचलली. चमचा भरला, पोरीने तोंड उघडलं, तरी म्हातारीचा हात वाटेतच थांबला.

"मॅडम," तिने भीत भीत विचारलं, "आता पाजू ना? तुम्ही म्हनसान तसं."